उरलेले दिवस

२०१९ सालची गणेशचतुर्थी २ सप्टेंबरला आली. तो सोमवार होता आणि अमेरिकेत कामगार दिनाची सुटी होती. मी आणि माझी पत्नी जूनपासून न्यू जर्सीत मुलीकडे राहावयास गेलो होतो. परदेशात नेमकी सणाला सुटी मिळावी हा योग दुर्मीळ. म्हणून मुलीने आणि जावयाने चार मराठी कुटुंबांना आरतीला बोलावले होते. चौरंग मांडून झाला होता, मोदक वाफेवर होते. अशा वेळी माझी नऊ वर्षांची नात जवळ येऊन म्हणाली, "आजोबा, गावाकडच्या आजोबांचं घर पुरात पडलं ना? मग आपण मोदक का खायचे?"

मी तिला काहीतरी सांगितले. काय सांगितले ते आज आठवत नाही, यावरूनच ते खरे उत्तर नव्हते हे उघड आहे. प्रश्न मात्र तेव्हापासून माझ्याबरोबर आहे. आपल्या माणसांवर आपत्ती कोसळली असता दूर देशी सुखरूप असलेल्याने सण साजरा करावा काय? आणि त्याहून कठीण म्हणजे, दूरच्या माणसाचे अशा वेळी नेमके कर्तव्य कोणते?

त्या ऑगस्टची आठवण या भागातील वाचकांना करून देण्याची गरज नाही. पहिल्याच आठवड्यात कृष्णा, घटप्रभा, मार्कंडेय यांनी पात्रे सोडली. निपाणी तालुक्यात वेदगंगा आणि दूधगंगा यांनी जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, कारदगा-भोज हे पूल गिळले. यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले. तिकडे कोल्हापूरजवळ शिरोलीलाही तीच गत झाली आणि पुणे-बंगळूर वाहतूक सुमारे आठवडाभर ठप्प राहिली. सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढणारी बोटच उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. माझा धाकटा भाऊ वेदगंगेकाठच्या आमच्या गावी शेती करतो. त्याच्या घरात छातीइतके पाणी आले आणि ते ओसरल्यावर दोन दिवसांनी मातीची मागची भिंत आणि तिच्यावरचे छप्पर खाली बसले. माणसे आणि जनावरे आधीच उंचावर नेली होती, एवढेच दैव.

हे सारे मी साता समुद्रापलीकडून पाहिले. तिकडची रात्र म्हणजे इकडचा दिवस. मी रात्रभर हातातल्या फोनवर पुराची चित्रे पाहत बसे आणि सकाळी जावई कामावर निघाला की त्याच्याबरोबर शांतपणे चहा घेई. खिडकीबाहेर हिरवळीवर फवाऱ्याने पाणी शिंपडले जात असे. त्या फवाऱ्याकडे पाहताना मला कमालीची लाज वाटे. ती लाज कशाची, याचा मात्र उलगडा होत नसे. कारण मी कोणाचे काही वाईट केले नव्हते.

दूरच्या दुःखाविषयी माणसाच्या मनाची गत काय असते, हे ॲडम स्मिथने १७५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात मार्मिकपणे सांगितले आहे. अवघा चीन देश भूकंपात गडप झाल्याची वार्ता युरोपातील एखाद्या सहृदय माणसाला कळली, तर तो हळहळेल, जीविताच्या क्षणभंगुरतेवर चार शब्द बोलेल आणि मग आपल्या उद्योगाला लागेल. परंतु उद्या आपली करंगळी तुटणार असे त्याला कळले, तर रात्रभर त्याचा डोळा लागणार नाही. याचा अर्थ तो दुष्ट आहे असे स्मिथ म्हणत नाही. करंगळी वाचविण्यासाठी तो लक्षावधी जीवांचा बळी देणार नाही, हेही तो लगेच सांगतो. भावना जवळचे पाहते, विवेक दूरचेही पाहतो, असा त्याचा आशय आहे.

पुढे १९७१ साली पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात आले असता ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगर याने एक निबंध लिहिला. तो १९७२ मध्ये छापला गेला. त्यातील दृष्टान्त आता सर्वत्र परिचित आहे. उथळ तळ्यात मूल बुडताना दिसले, तर कपडे चिखलाने खराब होतील म्हणून आपण थांबत नाही. मग ते मूल दहा हातांवर असले काय आणि दहा हजार मैलांवर असले काय, आपले कर्तव्य तेच राहते. अंतर ही सबब होऊ शकत नाही.

हा युक्तिवाद खोडून काढणे सोपे नाही. पण तो सरळ स्वीकारला, तर सण कोणी कधी करावा? त्याच २ सप्टेंबरला दूरदर्शन संचावर डोरियन चक्रीवादळाची दृश्ये अखंड चालू होती. आदल्या दिवशी ते बहामा बेटांवर आदळले होते आणि पुढे सरकण्याचे नाव न घेता तेथेच घोंगावत होते. समोरच्या घरातील अमेरिकन बाई दुपारी दारात आल्या. त्यांच्या चर्चमधून बहामासाठी डबाबंद अन्न गोळा करीत होते. मी क्षणभर थबकलो. मनात आले, आमचीच माणसे बुडाली आहेत, आम्ही कोणाकोणाला पुरे पडणार? मग ओशाळून स्वयंपाकघरात गेलो आणि चार डबे आणून दिले. त्या बाईंना वेदगंगा ठाऊक नव्हती. मला बहामा बेटांविषयी नकाशापलीकडे काही ठाऊक नव्हते. ज्याला त्याला आपलाच पूर मोठा वाटतो. जगात कोठे ना कोठे रोज कोणी तरी बुडत असते. तेव्हा सर्वांचे दुःख सर्व काळ पाळायचे म्हटले, तर पंचांगात सणाचा एकही दिवस उरणार नाही.

येथे मला आपल्याच घरातील एक जुनी रीत आठवते. आमचे पणजोबा साताऱ्याकडून तंबाखूच्या व्यापारासाठी निपाणीस आले आणि येथेच राहिले. आपल्यापैकी पुष्कळ घराण्यांची कथा अशीच असेल. मूळ गावाशी संबंध उरला तो कुलदैवताचा आणि पत्रांचा. माझ्या लहानपणी कोपरा फाडलेले पोस्टकार्ड आले की आजी ते घरात घेत नसे. आजोबा अंगणातच ते वाचत, नेसत्या वस्त्रांनिशी विहिरीवर स्नान करीत आणि मग पंचांग काढून बोटांवर दिवस मोजीत. मृत्यू कोणत्या तिथीला झाला, आज कोणती तिथी, दहांपैकी किती दिवस राहिले?

परदेशी असलेल्याच्या सुतकाचा हा नियम जुन्या धर्मशास्त्रात आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातही तो सापडतो. त्या ग्रंथातले पुष्कळ काही आपण टाकून दिले आहे आणि ते योग्यच केले. पण हा नियम विचार करण्याजोगा आहे. दूरच्या आप्ताच्या मृत्यूची वार्ता दहा दिवसांच्या आत कळली, तर जितके दिवस उरले तितकेच पाळावे. दहा दिवस उलटून गेल्यावर कळली, तर तीन रात्री. वर्ष लोटल्यावर कळली, तर केवळ स्नान. यात दोन गोष्टी मान्य केल्या आहेत. दूर असल्याने नाते तुटत नाही, ही पहिली. कर्तव्य वार्ता कळल्यापासून सुरू होते आणि त्याला शेवट असतो, ही दुसरी. मृताच्या गावापासून मैल किती, हे तेथे कोणी विचारीत नाही.

आता वार्तेचा हा क्रमच मोडला आहे. भिंत पडली त्याच घटकेला तिचे चित्र माझ्या हातात होते. पूर्वी अंतर हीच एक सवलत होती. पोस्टकार्ड येईपर्यंत अर्धे दुःख तिकडच्यांनी भोगलेले असे. ती सवलत आज राहिली नाही. शिवाय पोस्टकार्डानंतर स्नान होते, दिवसांची मोजणी होती. फोनवरच्या बातमीनंतर स्नान नाही. एक बातमी सरली की दुसरी येते. त्यामुळे दूरच्या माणसाची अवस्था दोहोंपैकी एक होते. एक तर तो अखंड सुतकात राहतो आणि त्याचा कोणालाच उपयोग होत नाही. नाही तर त्याचे मन निबर होते आणि तो चित्रे पुढे सरकवू लागतो. मी स्वतः त्या ऑगस्टमध्ये पहिल्यापासून निघालो आणि महिनाभरात दुसऱ्याला पोहोचलो.

आपत्ती सणासुदीचा मुहूर्त टाळून येत नाही. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला, तेव्हा लोक गणेशविसर्जन आटोपून झोपले होते. २००४ ची त्सुनामी नाताळच्या दुसऱ्या दिवशी आली आणि किनाऱ्यावर सुटीसाठी आलेले परदेशी पाहुणेही स्थानिक कोळ्यांबरोबर वाहून गेले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला तो ओणमच्या तोंडावर; तेथील सरकारने सरकारी ओणम उत्सव रद्द करून तो पैसा मदतीकडे वळविला. आपल्याकडेही २०१९ मध्ये अनेक मंडळांनी देखावे आणि मिरवणुका आवरत्या घेतल्या. हे सर्व योग्यच झाले. शेजारी प्रेत असताना वाजंत्री लावू नयेत, हे सांगायला शास्त्र लागत नाही.

मात्र थाट आवरणे वेगळे आणि सण बुडविणे वेगळे. कोल्हापुरात कुंभारवस्तीत पाणी शिरून मूर्ती भिजल्या होत्या. अशा कुंभाराची उरलीसुरली मूर्तीही कोणी घेतली नाही, तर त्याचे दुसऱ्यांदा नुकसान होते. फुलवाल्याचे, वाजंत्र्याचे, बुरुडाचे पोट सणावर असते. आणि पोटाहून निराळी अशीही एक गोष्ट सणात असते. ती मला भावाच्या फोनने कळली.

त्याचा फोन चतुर्थीच्या आठ दिवस आधी आला. मला वाटले, पैशांविषयी बोलेल. तो म्हणाला, "दादा, मूर्तीसाठी कुंभाराकडं दिलेला पाट वाहून गेला. घराला भिंत न्हाई. यंदा घरचा गणपती तुझ्याकडंच बसव. खंड पडाय नको." आमच्याकडे गणपती गावच्या घरीच बसतो; बेळगावात राहत असूनही मी कधी वेगळा बसविला नाही. आमच्या घरात एक ऐकीव गोष्ट आहे. साताऱ्याकडे प्लेग आला आणि मूळ घर ओस पडले, त्या वर्षी घरचा गणपती प्रथम निपाणीस बसला. मग तो येथलाच झाला. स्थलांतरित माणूस मूळ घरी कधी उपयोगी पडत असेल, तर तो असा.

तेव्हा नातीच्या प्रश्नाचा अर्धा भाग मला सुटल्यासारखा वाटतो. त्या दिवशी न्यू जर्सीत मांडलेला चौरंग ही आमची चैन नव्हती. ज्याच्या घराला भिंत उरली नव्हती, त्याच्या वतीने सांभाळलेली ती वस्तू होती. मुलीने यजमान म्हणून संकल्पात काकाचे नाव घेतले. आरतीच्या वेळी फोन चौरंगाजवळ धरला होता. तिकडे रात्र बरीच झाली होती, तरी ती मंडळी शाळेच्या खोलीत जागी राहिली होती. गौरीबरोबर मूर्तीचे विसर्जन झाले, तेही बादलीत. नात मोदक खात होती आणि मला त्यात विसंगती वाटली नाही. पूरग्रस्ताला आपले घर परत हवे असते. आणि घर म्हणजे केवळ भिंती नव्हेत, भिंतींच्या आत वर्षानुवर्षे जे चालत आले तेही. भिंती उभ्या राहीपर्यंत ते कोणी तरी चालू ठेवावे लागते.

पण प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग मदतीचा आहे आणि तेथे मला माझीच चूक सांगितली पाहिजे.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काल आणि पात्र पाहण्याची अट घातली आहे. दूरचा दाता यातील पात्र ओळखतो, कारण त्याचे मन गुंतलेले असते. देशही तो कसाबसा ओळखतो. काल मात्र त्याला ओळखता येत नाही. त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. आपल्या भागातही त्या ऑगस्टमध्ये जुने कपडे पाठवू नका, असे सांगण्याची वेळ आली. देणाऱ्याला वार्ता ऐकताच देऊन मोकळे व्हायचे असते. त्या घाईत दुसऱ्याचे दुःख हलके करण्याइतकीच स्वतःची लाज हलकी करण्याची निकड असते.

मी तेच केले. पुराच्या पाचव्या दिवशी जावयाकरवी मोठी रक्कम पाठविली. निम्मी भावाला, निम्मी एका मदतनिधीला. त्या रात्री मला प्रथमच स्वस्थ झोप लागली. भाऊ त्या वेळी म्हणाला होता, "आत्ता नको दादा. आत्ता सगळीच देत्यात. पुढं लागतील." मी त्याचा संकोच समजलो. ते पैसे त्याने घेतले आणि गरजेपोटी बियाण्याला, जनावरांच्या वैरणीला, शेजाऱ्याच्या आजारपणाला लागले. मदत पोहोचली, असे समजून मी निश्चिंत झालो. फोन आठवड्याचा पंधरवड्यावर गेला. ऑक्टोबरअखेर दिवाळी झाली. ती आम्ही तिकडे आनंदात केली. त्या दिवाळीत मी भावाला घराविषयी विचारले नाही, हे मला आज स्पष्ट आठवते.

डिसेंबरात परत आलो आणि गावी गेलो. मागची भिंत तशीच होती. तेथे हिरवी ताडपत्री बांधली होती आणि तिच्या आड भावजय चुलीवर भाकरी करीत होती. घर पूर्ण पडले की अंशतः, यावर भरपाई ठरते. त्याची मोजणी, कागद आणि खेपा चालू होत्या. भाऊ रागावला नव्हता. चहा देताना तो एवढेच म्हणाला, "पाणी ओसरलं, तशी माणसंबी ओसरली." त्याने मला उद्देशून म्हटले नसेल. मला ते उद्देशूनच होते.

आपण सीमाभागातली माणसे ही गोष्ट इतरांपेक्षा आधी जाणायला हवी होती. वेदगंगा आणि दूधगंगा सह्याद्रीत उगम पावतात आणि कोणाची परवानगी न मागता आपल्याकडे उतरतात. माझी बहीण कागल तालुक्यात दिली आहे, भाऊ निपाणी तालुक्यात. पाऊस एक, पूर एक. पण पंचनामे दोन राज्यांचे आणि नियमही दोन राज्यांचे. कोल्हापूर-सांगलीच्या पुराच्या बातमीत आपली गावे शेवटच्या ओळीत असतात आणि बंगळूरहून पाहणाऱ्याला ती राज्याच्या टोकाला दिसतात. त्याच वेळी, भावाच्या घरात पाणी शिरल्यावर पहिली भाकरी आली ती वरच्या आळीतल्या कन्नड घरातून. तेव्हा जवळ कोण आणि दूर कोण, हे भाषा, राज्य किंवा मैल यांवरून ठरत नाही, हे आपण १९५६ पासून अनुभवाने शिकत आलो आहोत. मग हजारो मैल दूर असलेल्या मला ते ठरविता येऊ नये?

आता मला वाटते ते असे. पहिल्या दिवसांचे काम जवळच्यांचेच असते. नाव चालविणे, छपरावरून म्हातारी उतरविणे, भाकरी देणे, हे शेजारी आणि जवान करू शकतात. दूरच्याने फार तर त्यांच्या हाताला बळ द्यावे. पण जवळचा माणूस थकतो. त्याचे स्वतःचे शेत कुजलेले असते, त्याला त्याच्या नांगराकडे वळावेच लागते. वृत्तपत्रेही वळतात. दूरच्याचे मात्र घर कोरडे असते, झोप पुरी झालेली असते, पगार चालू असतो. जवळच्याला जे जमत नाही, ते नेमके त्याला जमण्यासारखे असते, आणि ते म्हणजे टिकून राहणे. अंतराने त्याचे कर्तव्य कमी होत नाही, पण त्याची पाळी नंतरची असते.

आजोबा पंचांगात जे मोजत, तेच हे. परदेशी असलेल्याने उरलेले दिवस पाळावेत. त्या नियमाकडे मी आजवर सवलत म्हणून पाहत होतो. आता तो मला जबाबदारीची वाटणी वाटतो. पहिले दिवस ज्यांनी पाळले, त्यांच्याकडून उरलेले दिवस आपण घ्यायचे. पुराच्या बाबतीत हे उरलेले दिवस दहांतले नसतात; ते पावसाळा संपल्यावर सुरू होतात आणि भिंत उभी राहीपर्यंत चालतात. त्या काळात सण आले तर ते करावेत. मात्र प्रत्येक सणाला एकदा विचारावे, भिंत कोठवर आली?

यावर कोणी म्हणेल की, ही विलंबाला शोधलेली पळवाट आहे. पुढे देऊ म्हणणारा पुढेही देत नाही. आक्षेप रास्त आहे आणि माझ्यासारख्याला तो लागूही पडतो. म्हणूनच दिवस मोजण्याची रीत लागते. आजोबा भावनेच्या भरवशावर राहत नसत. ते पंचांग काढीत.

२०२१ च्या जुलैत वेदगंगेने यमगर्णीचा महामार्ग पुन्हा अडविला. त्या वेळी मी बेळगावातच होतो. भावाचे नवे जोते उंच होते, तरी ओटीपर्यंत पाणी आलेच. मुलीने त्या आठवड्यात रोज फोन केला. मग श्रावण गेला, गणपती झाले, दिवाळी झाली. प्रत्येक सणाला तिचा काकाला फोन असे आणि त्यात ठरलेला एक प्रश्न असे. मार्गशीर्षात भावाने सांगितले की, पाण्याने गोठ्याची भिंत पोकळ झाली आहे, उन्हाळ्याआधी पाडून बांधावी लागेल. पैसे त्यानंतर आले. त्यांबरोबर नातीने मराठीत लिहिलेली एक चिठ्ठी होती. गोठ्यातली म्हैस कोणत्या रंगाची आहे, एवढेच तिने विचारले होते.